कुसुमताई आणि चौथी कुपी

कुसुमताई,

परवा येरवड्याच्या बुद्धविहारात तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक गृहस्थ उठून म्हणाले, "ताईंनी आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही." मी तिसऱ्या रांगेत होते. मला हसू आलं. ते लपवायला ओढणी तोंडाला लावली, तर शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू आवरत नाहीये. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि मग खरंच रडू आलं. तुम्ही माझ्याशी दोन महिने अबोला धरला होता, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार? एकाच टेबलावर डबा खायचो आपण. लोणच्याची बाटली माझ्या हाताशी असायची, पण तुम्ही मागायच्या नाहीत. उठून, टेबलाला वळसा घालून, स्वतः घ्यायच्या.

तुमची लेक सुजाता म्हणाली होती, "मावशी, तुम्हीपण दोन शब्द बोला ना." मी उठले नाही. जे बोलायचं होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं, आणि चारचौघांत सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी नेत्रपेढीत आले तेव्हा माझ्या एम.एस्सी.च्या वर्गातल्या निम्म्या मुली कॉम्प्युटरचे कोर्स करून सॉफ्टवेअरमध्ये शिरल्या होत्या. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ज्याचं कुणी अमेरिकेत नाही असं घर शोधावं लागायचं. माझा नवरा मंदार रोज कंपनीच्या बसने खराडीला जायचा. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून डोळ्यांच्या बँकेत आहे." शेजारीण त्यातलं फक्त 'बँकेत' ऐकायची आणि खूश व्हायची. मला मात्र दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्यात काय मिळतं, हे घरात कुणाला समजावता येत नव्हतं. पहिल्यांदा ते समजून घेतलंत तुम्ही.

तुमचं पद कागदावर 'समुपदेशक' असं होतं. प्रत्यक्षात कुणी गेल्याचा फोन आला, की निळा बर्फाचा डबा स्कूटरवर पायाशी ठेवायचा, डॉक्टरांच्या आधी त्या घरी पोचायचं आणि नुकतंच माणूस गमावलेल्यांशी बोलायचं, हे तुमचं काम. एकदा बायको गेलेले एक आजोबा म्हणाले होते, "डोळे दिले तर पुढच्या जन्मी ती आंधळी होईल." तुम्ही शांतपणे म्हणालात, "पुढच्या जन्माचं मला काही माहीत नाही, काका. या जन्मातले आंधळे मला रोज भेटतात." त्यांनी सही केली. हे तुम्ही बढाई म्हणून सांगितलं नव्हतं. त्या आजोबांच्या चपला किती झिजलेल्या होत्या, हे सांगताना ओघात आलं होतं.

मी आल्यावर आठवड्याभरातच तुम्ही डबा खाताना विचारलंत, "नेमकं काय करून राहिली तू तिथे आत?" भंडाऱ्याहून पुण्याला येऊन तुम्हाला तीस वर्षं झाली होती, मराठी अगदी पुणेरी झाली होती. फक्त राग आला किंवा कुतूहल वाटलं, की असं गावाकडचं काहीतरी निसटायचं. मी तुमच्याच डब्यातली भाकरी घेतली, वर वाटी उपडी ठेवली आणि मधला गोल कापून काढला.

"हा मधला गोल डॉक्टर पेशंटच्या डोळ्यावर बसवतात. कॉर्निया. ही उरली ती कड. ती आपण टाकून देतो."

"मग?"

"डोळा स्वच्छ ठेवणाऱ्या मूळ पेशी या कडेतच असतात, ताई. बुबुळावरचा पातळ थर रोज झिजतो आणि कडेतल्या पेशी तो रोज नव्याने बनवतात. चुन्याने, ॲसिडने कड जळली, की नवं काही बनतच नाही. बुबुळ पांढरं पडतं. मग वरून दुसऱ्याचा कॉर्निया कितीही चांगला बसवा, तोही काही दिवसांत पांढरा."

तुम्ही बराच वेळ त्या भाकरीकडे बघत राहिलात. "म्हणजे मी लोकांच्या घरून मागून आणलं, आणि तुम्ही त्यातलं मोलाचं कचऱ्यात टाकलं."

"तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं हो."

"आता आहे ना ठाऊक? मग काहून टाकता?"

आणि ती कड तुम्ही भाजीबरोबर खाऊन टाकलीत.

तेच माझं काम होतं. टाकून द्यायच्या कडेतून मूळ पेशी सोडवायच्या, त्या काचेच्या बशीत वाढवायच्या, छोट्या कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायच्या. गरज पडेल तेव्हा वितळवून, बाळंतपणात वारेबरोबर येणाऱ्या पातळ पडद्यावर पुन्हा वाढवून, जळलेल्या डोळ्यावर लावायच्या. एका डोळ्याच्या कडेतून अनेकांना पुरतील इतक्या पेशी मिळू शकतात, असं आमच्या सरांचं, नेत्रपेढीच्या प्रमुख डॉक्टरांचं, म्हणणं होतं. म्हणणं होतं, कारण आमच्याकडे अजून एकदाही ते नीट जमलं नव्हतं. वयस्कर माणसांच्या पेशी बशीत धड वाढत नव्हत्या. एकदा वाढल्या तर बुरशी लागली. एकदा गोठवल्या, आणि वितळवल्यावर सगळ्या मेलेल्या निघाल्या.

त्याच सुमाराला सविता आली. एकोणतीस वर्षांची. खराडीतल्या एका आयटीच्या इमारतीत साफसफाईचं काम करायची. तुंबलेल्या बेसिनमध्ये कंत्राटदाराने दिलेली पावडर टाकून तिने गरम पाणी ओतलं आणि सगळं उसळून तोंडावर आलं. दोन्ही डोळे गेले. एक डोळा शाबूत असता, तर त्याच्याच कडेतल्या थोड्या पेशी घेता आल्या असत्या. भाऊ-बहीण असतं, तर त्यांनी दिल्या असत्या. घरी फक्त लहान मुलगी आणि म्हातारी आई; मुलगी देण्याच्या वयाची नव्हती, आणि आईच्या डोळ्यांत काचबिंदू. सविताला हवं होतं ते फक्त आमच्या टाकीतूनच मिळू शकत होतं, आणि टाकीत देण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही दर आठवड्याला तिच्याकडे जायच्या. तुमचं ते काम नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणालात, "तुझंही ते काम नाही, मला विचारायचं."

मग रोहन गेला. पंचवीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनियर, मोटरसायकलचा अपघात, तीन दिवस अतिदक्षता विभागात. घर आमच्याच कोथरूडमध्ये, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तुम्ही गेलात. आईवडिलांशी काय बोललात ते मला माहीत नाही, पण संध्याकाळी डोळे आले. रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित होत्या. मधले दोन्ही गोल दोन पेशंटना बसले आणि कडा माझ्याकडे आल्या.

ताई, तशा पेशी मी आधी कधीच बघितल्या नव्हत्या. सहाव्या दिवशीच बशी निम्मी भरली. घट्ट, नीटनेटक्या, एकमेकींना खेटून बसलेल्या, फरशी बसवावी तशा. मी सरांना बोलावलं. सर कधी कुणाचं कौतुक करत नसत. सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाले, "ठीक आहे." मी चार कुप्या गोठवल्या आणि धावत तुम्हाला सांगायला आले. वाटलं, तुम्ही उठून मिठी माराल.

तुम्ही विचारलंत, "त्याच्या आईवडिलांना सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"हेच. कड वाढवली, गोठवली, ठेवली."

"फॉर्मवर 'वैद्यकीय उपयोगासाठी' असं लिहिलंय, ताई. सर म्हणाले, कायद्याने काही अडचण नाही."

"फॉर्म कोण वाचतं त्या वेळी? ते माझा शब्द ऐकतात. मी त्यांना म्हटलं होतं, दोन माणसांना दिसेल. तुझ्या टाकीत त्याचं काही वर्षानुवर्षं राहील, असं मी नाही म्हटलं."

आपण तीन आठवडे भांडलो. मी म्हटलं, ते नाही म्हणाले तर सविताचं काय? तुम्ही म्हणालात, नाही म्हणायची सोय नसेल तर त्याला मागणं म्हणत नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला पेशी दिसत नाहीत, मला दिसतात. तुम्ही म्हणालात, तुला माणसं दिसत नाहीत, मला दिसतात. हे वाक्य मला फार लागलं. अजूनही लागतं. शेवटी तुम्ही सरांकडे गेलात आणि म्हणालात की विचारल्याशिवाय त्या पेशी वापरल्या, तर यापुढे मी कुणाच्या घरी जाणार नाही. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "विचारा."

मला तुम्ही बरोबर नेलंत. तिसऱ्या मजल्यावरचं घर. रोहनचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, ताठ. आईंनी पाणी आणलं. तुम्ही सगळं सांगितलंत, मला मध्ये बोलू न देता, अगदी सोप्या शब्दांत.

वडील म्हणाले, "म्हणजे त्याचं अजून काहीतरी जिवंत आहे?"

एवढं सोपं होतं हो म्हणणं. ते कदाचित लगेच तयार झाले असते. तुम्ही म्हणालात, "पेशी जिवंत आहेत, साहेब. रोहन नाही."

मग आईंनी मला विचारलं, "कुठे ठेवता?" मी टाकीबद्दल सांगितलं, तापमान सांगितलं, उणे एकशे शहाण्णव. मला वाटलं शास्त्रीय माहिती दिली की धीर येईल. त्या म्हणाल्या, "एवढ्या थंडीत? त्याला थंडी अजिबात सोसायची नाही हो."

वडील उठून उभे राहिले. "दोन माणसांना दिसणार होतं, ते झालं. आता पुरे. बाकी जे काय असेल ते काढून टाका." आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "काढून टाकू."

रिक्षात मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही रडत होतात हे मला दिसलं होतं. पण मला वाटलं, स्वतःच पाडायचं आणि स्वतःच रडायचं, हे कसलं? दुसऱ्या दिवशी मी टाकी उघडली. तीन कुप्या काढल्या, नष्ट केल्या. चौथी हातात घेतली आणि परत ठेवून दिली, मागच्या बाजूला, दुसऱ्या नंबरखाली. तुम्ही दारात येऊन विचारलंत, "काढल्या?"

मी म्हटलं, "काढल्या."

तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. तो हात मला आजही नकोसा वाटतो.

मी का ठेवली, हे मी स्वतःला बऱ्याच प्रकारे समजावलं आहे. सविताकरता, असं म्हणणं सोयीचं आहे. पण परवानगीशिवाय ती तिला देता येणारच नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. खरं सांगायचं तर, माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी नीट झालं होतं आणि ते माझ्याच्याने फेकवलं नाही. एवढंच.

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. आणखी काही डोळे आले, पेशी वाढल्याच नाहीत. सविताने तुम्हाला एकदा विचारलं, "ताई, सरळ सांगा, मी काठी घ्यायला शिकू का?" तुम्ही तिला सरळ सांगितलंत, शीक. आणि स्वतः तिला हाताला धरून येरवड्याच्या रस्त्यावर चालायला शिकवलंत. हे मला तुम्ही नाही सांगितलं, तिने सांगितलं. तुमच्या त्या एका खरेपणाची किंमत सविता भरत होती, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाहीत. मला तुमचा राग यायचा आणि टाकीजवळून जाताना स्वतःची लाज वाटायची. दोन्ही एकदम.

एका सकाळी रोहनची आई नेत्रपेढीत आली. एकटीच. तुमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "परवा वर्षश्राद्ध झालं. त्याच्या खोलीत सगळं तसंच ठेवलंय आम्ही. कशाचाच कुणाला उपयोग नाही. तुम्ही तेव्हा ते पेशींचं विचारलं होतं..."

तुम्ही त्यांचा हात धरलात. "ते आम्ही लगेच काढून टाकलं हो. साहेब नको म्हणाले होते ना."

"हो. बरोबर केलंत तुम्ही." त्यांनी पर्स खांद्याला लावली, उठायला लागल्या. मी कपाटाशी उभी होते. मला वाटलं, आता त्या जातील, दार लागेल आणि कधीच कुणाला काही कळणार नाही.

मी म्हटलं, "एक आहे."

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. ताई, मी तुम्हाला पुढे आजारात पाहिलं, शेवटच्या दिवशी पाहिलं, पण तुमचा चेहरा आठवायला गेले की तो तेव्हाचाच येतो. रागही नव्हता त्यात. ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि वळल्यावर ते भलतंच निघावं, तसा.

आईंना तुम्ही म्हणालात, "तुमची एकटीची सही चालणार नाही. साहेबांना सांगायला लागेल. आणि ते ही सांगेल." 'अनघा' नाही म्हणालात. 'ही'.

त्याच दुपारी आपण गेलो. सोफ्यावर बसून मी रोहनच्या वडिलांना सांगितलं, "तुम्ही काढून टाका म्हणालात, ताईंनी तसा शब्द दिला, आणि मी एक कुपी ठेवून घेतली. ताईंना माहीत नव्हतं."

ते म्हणाले, "म्हणजे माझ्या 'नाही'ला तुमच्याकडे किंमत नव्हती."

मी म्हटलं, "नव्हती."

"कुणाला देणार आहात?"

"नाव सांगता येत नाही."

"वय?"

"तीस. दोन्ही डोळे गेलेत. कामावर असताना."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आउट झाल्याचा आरडाओरडा चालला होता. परत आले आणि खिशातून पेन काढलं. "सही करतो. माफ करत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा."

तुम्ही म्हणालात, "ठेवू, साहेब."

मग तुमचे ते दोन महिने. मी पेशी वितळवल्या, त्या तगल्या, पडद्यावर वाढल्या. सरांनी सविताच्या उजव्या डोळ्यावर त्या लावल्या. तुम्ही रोज येऊन विचारायच्या, पण सरांना. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून सविताला गोळ्या सुरू होत्या. त्या तिला सोसेनात, तोंड सुजायचं, उलट्या व्हायच्या. तुम्ही तिच्या आईला मऊ भात कसा करायचा ते दाखवून आलात. काही आठवड्यांनी बुबुळावरचा पांढरा थर कमी झाला. मग नवा कॉर्निया बसवला. पट्टी काढायच्या दिवशी तुम्ही तिच्यासमोर होतात, मी मागे.

सविताने डोळा मिचकावला, पाणी आलं, पुसलं. तुमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही म्हाताऱ्या आहात? आवाज तर किती तरुण आहे!"

सर हसले. मी सरांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही म्हणालात, "हिच्या चष्म्याचा नंबर काढा, नीट दिसत नाही अजून." मग मागे वळून मला म्हणालात, "पाणी दे तिला." दोन महिन्यांनी माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द.

सगळं गोड झालं असं नाही. सविताला अंधुकच दिसतं. रस्ता ओलांडता येतो, भाजी निवडता येते, वाचायला भिंग लागतं. डावा डोळा तसाच राहिला. पण आता ती एका शाळेच्या पाळणाघरात मुलं सांभाळते, आणि परवा विहारात ती काठीशिवाय आली होती. मुलीला घेऊन.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. फॉर्मवर तुम्ही एक वेगळी ओळ घालून घेतलीत: पेशी वाढवून साठवायच्या का, हा दुसरा प्रश्न. तो वेगळा विचारायचा, त्याची सही वेगळी घ्यायची. मला वाटलं होतं लोक नाही म्हणतील. बहुतेक जण हो म्हणाले. काहींनी तर हाच प्रश्न ऐकून पहिल्यालाही हो म्हटलं. आज टाकीत ज्या कुप्या आहेत, त्यातल्या प्रत्येकीमागे तशी सही आहे. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला म्हटलंही होतं, चहा पिताना. आणि मग माझं तोंड बंद राहिलं नाही. "पण मी ती कुपी ठेवली नसती, तर सविता?"

तुम्ही बशीत चहा ओतलात. "तुझ्या खोटेपणामुळे तिला दिसलं, असं मी कधीच म्हणणार नाही."

"पण दिसलं ना?"

"दिसलं," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर मला झोप येत नाही."

त्यानंतर इतक्या वर्षांत हा विषय आपण किती वेळा काढला असेल! दर वेळी इथवरच येऊन थांबायचो.

तुमचं निदान झालं तेव्हा सुजाताने मला फोन केला. रक्ताचा कर्करोग. मी ऐकलं आणि माझ्या मनात आधी काय आलं ते सांगायला आज तरी लाजत नाही: ताईंचे डोळे घेता येणार नाहीत. रक्ताचा कर्करोग असलेल्यांचे डोळे पेशंटला देत नाहीत, हा आपल्याकडे पहिल्या पानावरचा नियम. आयुष्यभर घरोघरी जाऊन ज्यांनी डोळे मागितले, त्यांचेच नाही. हे तुम्हाला कोण सांगणार, या विचाराने मी चार दिवस हॉस्पिटलमध्ये आलेच नाही.

आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. केस गेले होते, डोक्याला सुजाताचा रुमाल. मी काही बोलायच्या आत म्हणालात, "तोंड कशाला पाडतेस? नियम मला माहीत आहे. पोरींना मीच शिकवलाय." मग हात पुढे केलात. "पेशंटला नाही, पण शिकायला चालतात ना? आण फॉर्म."

मी फॉर्म आणला होता. पर्समध्येच होता, तुम्ही ते ओळखलंत. मी पेन दिलं. तुम्ही घेतलं नाहीत.

"आधी विचार."

"काय?"

"जसं मी विचारते तसं. पूर्ण. मी कुणीतरी आहे आणि तू माझ्या घरी आली आहेस."

ताई, मी प्रयोगशाळेतली बाई. मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "कुसुमताई, तुमच्या डोळ्यांच्या कडेतल्या पेशी आम्ही काढणार. दोन नव्या तंत्रज्ञ आल्या आहेत, त्यांना शिकवायला. त्या पेशी बशीत वाढतील. कुणाच्याही डोळ्यात जाणार नाहीत. त्यातून कुणालाही दिसणार नाही." मी फॉर्म मांडीवर सरळ केला. "त्या मुलींचे हात तयार होतील. पुढे त्या हातांनी..."

"पुढचं नको," तुम्ही म्हणालात. "पुढचं तुला माहीत नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं. आणि नंतर?"

"नंतर?"

"शिकवून झाल्यावर त्यांचं काय करणार?"

"नष्ट करू."

"नक्की?"

मी खाली पाहिलं. "नक्की."

तुम्ही सही केलीत. आडनावासकट पूर्ण सही. मला तेव्हा विचारायचं होतं, तुम्ही मला माफ केलंत का. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली, मग सुजाता आली, मग तुम्हाला ग्लानी आली. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तुमचे डोळे आणायला मी स्वतः गेले नाही. तुमच्या हाताखाली तयार झालेली मुलगी येरवड्याच्या तुमच्या घरी गेली. तिने सुजाताला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले, सही आधीच झाली होती तरी. मला ते ऐकून बरं वाटलं. डबा आला तेव्हा त्यावर फक्त नंबर होता. नव्या दोघींना मी नाव सांगितलं नाही, तसा नियमच आहे. त्यांना कड कशी धरायची, पातं कुठून फिरवायचं, पेशी कशा सोडवायच्या, हे दाखवलं. पहिली कड एकीच्या हातून फाटली. मी ओरडले नाही. दुसरी जमली.

मला वाटलं होतं वाढणार नाहीत. तुमचं वय, तो आजार, ती औषधं. पण नवव्या दिवशी त्यातली एक मुलगी सूक्ष्मदर्शकातून मान वर करून म्हणाली, "मॅडम, बघा ना, काय छान आल्यात!" मी बघितलं. थोड्याच होत्या, बशीच्या एका बाजूला. पण होत्या, आणि नीट होत्या. मी तिला म्हटलं, "ठीक आहे."

काल दोघींचं शिकणं पूर्ण झालं. मुली घरी गेल्यावर मी बशी टेबलावर घेतली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, नुसता गुलाबी द्रव दिसतो. मी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, एकदाच. मग झाकण काढलं, पेशी मारणारं औषध ओतलं, घड्याळ लावून दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. नंतर बशी हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

मागे काही ठेवलं नाही, ताई. तुम्ही या वेळी दारात नव्हतात, तरी सांगते.